लाकडाशी पुन्हा मैत्री

जपानची राजधानी टोकियो पाहावयास येणाऱ्या प्रवाशाच्या मनात बहुधा दोन चित्रे असतात. एका चित्रात आकाशाला भिडणाऱ्या पोलादी व काँक्रीटच्या इमारती, झगमगणारे दिवे आणि वेगाने धावणाऱ्या आगगाड्या असतात. दुसऱ्या चित्रात उतरत्या छपरांची, सरकत्या कागदी दारांची नीटनेटकी लाकडी घरे. ह्या दोन चित्रांवरून तो मनाशी एक खूणगाठ बांधतो : जे लाकडी असेल ते जुने आणि जे काँक्रीटचे असेल ते नवे. परंतु नगरदर्शनाची सुरुवात असाकुसा ह्या भागापासून केली, तर ही खूणगाठ सुटावयास फार वेळ लागत नाही.

असाकुसा हा सुमिदा नदीच्या काठचा जुना भाग. तेथे सेन्सोजी नावाचे प्रसिद्ध बौद्ध देवालय आहे. भारतातील अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानात पोहोचला आणि तेथे 'कान्नोन' ह्या नावाने पूजिला जाऊ लागला; त्याच कान्नोनचे हे स्थान. प्रवेशद्वारात टांगलेला प्रचंड तांबडा कंदील, पुढे दुतर्फा लहान लहान दुकानांची रांग, धुपाचा दरवळ आणि शेवटी भव्य छपराचे मुख्य मंदिर व पाच मजली पॅगोडा. हे सारे शेकडो वर्षांपूर्वीचे आणि लाकडाचेच असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात मात्र आजचे मुख्य मंदिर १९५८ साली बांधलेले असून ते काँक्रीटचे आहे. पॅगोडाही काँक्रीटचाच असून तो १९७३ सालचा आहे.

आता प्रवाशाने प्रवेशद्वारातून बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे पाहावे. तेथे कोपऱ्यावर आठ मजल्यांची एक अरुंद, उंच इमारत उभी आहे. उतरत्या छपरांची लहान लहान घरे कोणी खेळकर मुलाने एकावर एक रचून ठेवावीत, तसा तिचा आकार आहे. तिच्या दर्शनी भागावर वरपासून खालपर्यंत लाकडाच्या उभ्या पट्ट्या बसविल्या आहेत. उन्हात त्या पट्ट्यांच्या सावल्या काचांवर पडतात आणि इमारतीला वेताच्या पडद्यासारखी शोभा येते. प्रवाशांना माहिती देण्यासाठी २०१२ साली उघडलेले हे केंद्र केंगो कुमा ह्या वास्तुशिल्पज्ञाने रचले आहे. त्याचा सांगाडा पोलादाचा असला, तरी त्याचे रूप, त्याचा स्पर्श आणि त्याचा स्वभाव लाकडाचा आहे.

असा हा उलटा प्रकार! जुन्या वळणाचे मंदिर काँक्रीटचे आणि नव्या वळणाची इमारत लाकडाने नटलेली. असे का झाले असावे? ह्या प्रश्नाच्या उत्तरात टोकियो शहराचे मोठे दुःख आणि त्या दुःखातून आलेले शहाणपण दडलेले आहे.

जपान हा अरण्यांचा देश आहे. त्याच्या भूमीचा सुमारे दोनतृतीयांश भाग वनांनी व्यापलेला आहे. त्यामुळे देवळे असोत, राजवाडे असोत की सामान्यांची घरे असोत, जपानी माणसाने ती प्राचीन काळापासून लाकडाचीच बांधली. नारा शहराजवळील होर्यूजी येथील पॅगोडा सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा आहे. तो व त्याच्या शेजारचे मुख्य मंदिर ह्या जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. अनेक भूकंप सोसूनही हा पॅगोडा आजही उभा आहे. इसे येथील देवालयाची तर रीतच निराळी. ते दर वीस वर्षांनी, हुबेहूब पूर्वीसारखे, नव्या लाकडाचे बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्या वेळी बांधण्यात आले. इमारत नवी झाली तरी बांधण्याची विद्या जुनीच राहते. आजोबांच्या हातची कला नातवाच्या हातात उतरते.

परंतु लाकडाला एक मोठा शत्रू आहे आणि तो म्हणजे अग्नी. टोकियोचे जुने नाव एदो. एदोतील घरे लाकडाची आणि एकमेकांस अगदी लागून असत. १६५७ साली लागलेल्या आगीत शहराचा बराच मोठा भाग भस्मसात झाला. पुढे १ सप्टेंबर १९२३ रोजी, माध्यान्हीला दोन मिनिटे कमी असताना, शहराला भूकंपाचा भयंकर धक्का बसला. घरोघर दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या. घरे कोसळली, चुलींतील आग लाकडांस लागली आणि वाऱ्याने ती शहरभर पसरली. त्या संकटात एक लाखाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांपैकी बहुतेक आगीत सापडली होती. शहर पुन्हा उभे राहते न राहते तोच महायुद्ध आले. १९४५ सालच्या मार्च महिन्यात एका रात्री विमानांतून आग लावणाऱ्या बॉम्बचा वर्षाव झाला. सुमारे एक लाख माणसे त्या एका रात्रीत मरण पावली. असाकुसाचे मंदिर आणि त्याचा पॅगोडा त्याच रात्री जळाले.

ज्यांनी आपली घरे आणि आपली माणसे अशा रीतीने डोळ्यांदेखत गमावली, त्यांना लाकडाची भीती वाटू लागली तर त्यात नवल ते काय? देऊळ पुन्हा बांधण्याची वेळ आली तेव्हा ते काँक्रीटचे करण्यात आले. १९५९ साली इसे उपसागरावरून आलेल्या चक्रीवादळाने पाच हजारांवर बळी घेतले. त्याच वर्षी जपानी वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने, लाकडी बांधकामास बंदी असावी, असा ठराव केला. लहान घरे पुढेही लाकडाचीच होत राहिली. परंतु मोठ्या इमारतींच्या जगातून लाकूड जवळजवळ हद्दपार झाले. हजारो वर्षांची मैत्री अशी तुटली.

ही मैत्री पुन्हा कशी जुळली, हे पाहावयाचे असेल, तर प्रवाशाने असाकुसाहून भुयारी आगगाडीत बसून शहराच्या नैर्ऋत्य भागाकडे जावे. तेथे मिनामी आओयामा नावाच्या वस्तीत, शांत गल्लीतील घरांच्या मधोमध, एक विलक्षण दुकान आहे. तैवानमध्ये लोकप्रिय असलेली अननसाची मिठाई तेथे विकली जाते. दुरून पाहिले तर हे दुकान नसून बांबूची एखादी अवाढव्य टोपलीच कोणी रस्त्याच्या कोपऱ्यावर उपडी घातली आहे, असा भास होतो. जवळ गेल्यावर कळते की, ही टोपली 'हिनोकी' ह्या सुवासिक जपानी वृक्षाच्या बारीक काठ्यांची विणलेली आहे. प्रत्येक काठी अवघी सहा सेंटिमीटर रुंद व सहा सेंटिमीटर जाड आहे. २०१३ साली पूर्ण झालेली ही रचनाही कुमा ह्यांचीच.

हिची खरी गंमत तिच्या सांध्यांत आहे. जपानी सुतार एका लाकडास खाच पाडतो, दुसऱ्यास त्या खाचेत नेमके बसेल असे कूस काढतो आणि दोहोंस असे जोडतो की, खिळ्याची गरजच राहू नये. दारे-खिडक्यांच्या जाळ्या विणताना काठ्या एकीखालून एक गुंफण्याची एक जुनी रीत तेथे आहे. कुमा ह्यांनी तीच रीत घेतली. परंतु जी जाळी सपाट असे ती त्यांनी तिरकी वळवून उंची, लांबी व रुंदी ह्या तिन्ही दिशांना वाढविली. एकटी काठी बारीक असेल. पण अशा असंख्य काठ्या एकमेकींस धरून उभ्या राहिल्या म्हणजे त्यांचे सामर्थ्य एखाद्या जाड खांबासारखे होते. जाळीतून आत येणारा उजेड दाट झाडीतून झिरपणाऱ्या उन्हासारखा दिसतो.

येथे एखाद्या चौकस मुलास शंका येईल : सांधे कितीही सुबक असले, तरी आगीचे आणि भूकंपाचे काय? तुटलेली मैत्री केवळ सौंदर्यासाठी पुन्हा जुळत नसते. तिला विश्वासाचा आधार लागतो. तो आधार विज्ञानाने दिला.

प्रथम आगीचा विचार करू जाता असे दिसते की, बारीक काटकी भुर्रकन जळते, पण जाड ओंडका पेट घेण्यास पुष्कळ वेळ लावतो. ओंडक्याचा बाहेरचा थर जळून त्याचा कोळसा होतो आणि हाच कोळसा आतील लाकडाचे उष्णतेपासून रक्षण करतो. जाड तुळई मिनिटास एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने जळत जाते. म्हणजे तासभर आग लागली, तरी सुमारे चार सेंटिमीटर जाडीचाच थर जळतो. तेवढा थर मुळातच जादा ठेवला, तर आतील भाग इमारतीचा भार पेलीत राहतो आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. ह्याउलट, न जळणारे पोलाद तीव्र उष्णतेने मऊ पडते व वाकते. म्हणून उघडे पोलादही आगीपासून झाकावेच लागते. लाकडाभोवती न जळणाऱ्या पदार्थांचे थर देणे, त्यात आग न पसरू देणारी द्रव्ये मुरविणे, असे इतर उपायही योजिले जातात.

भूकंपाची गोष्ट थोडी निराळी आहे. इमारत जितकी जड, तितका भूकंपाचा हिसका तिला अधिक जोराने बसतो. लाकूड वजनाने हलके, म्हणून हा हिसकाही कमी. परंतु केवळ लाकूड आहे म्हणून घर सुरक्षित झाले, असे मात्र नाही. १९९५ साली कोबे शहराच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा जड कौलांची आणि कमकुवत भिंतींची जुनी लाकडी घरे मोठ्या संख्येने कोसळली व सहा हजारांवर माणसे दगावली. जपानी तज्ज्ञांनी ह्या दुःखाकडे पाठ फिरविली नाही. कोणता सांधा का निखळला, कोणती भिंत का पडली, ह्याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि २००० साली बांधकामाचे नियम अधिक कडक करण्यात आले. ह्योगो प्रांतातील मिकी येथे भूकंपाचे धक्के देणारा एक प्रचंड मंच २००५ सालापासून सुरू आहे. त्याच्यावर खऱ्याखुऱ्या इमारती उभ्या करून त्या हलवून पाहतात. २००९ साली सहा लाकडी मजल्यांची एक इमारत तेथे जोरजोराने हलविण्यात आली. ती डोलली, पण कोसळली नाही.

अशा प्रयोगांमुळे धीर वाढला. पातळ फळ्या चिकटवून व दाबून मोठ्या तुळया तयार होऊ लागल्या. आडव्या-उभ्या फळ्यांच्या थरांपासून भिंतींएवढे भक्कम तक्ते निघू लागले. टोकियोजवळच्या योकोहामा शहरात २०२२ साली अकरा मजल्यांची आणि चव्वेचाळीस मीटर उंचीची एक इमारत पूर्ण झाली. जमिनीवरील तिचे खांब, तुळया व भिंती लाकडाच्या आहेत. अर्धशतकापूर्वी अशी कल्पना कोणी बोलून दाखविली असती, तर लोक हसले असते.

मिनामी आओयामाहून निघालेला प्रवासी झाडांनी सुशोभित अशा ओमोतेसांदो रस्त्याने चालत गेला, म्हणजे मेइजी देवस्थानाच्या वनापाशी येतो. वनाच्या वाटेवर बारा मीटर उंचीची एक लाकडी कमान आहे. पूर्वीच्या कमानीवर वीज पडल्याने तिची हानी झाली, म्हणून १९७५ साली ही नवी कमान उभारण्यात आली. तिला शोभेल एवढे मोठे झाड जपानात मिळेना. शेवटी तैवानच्या डोंगरातील, पंधराशे वर्षांहून जुन्या वृक्षाचे लाकूड आणावे लागले. त्या खांबांना दोन्ही हातांनी कवळू पाहणाऱ्या मुलाच्या लक्षात येते की, असा वृक्ष पुन्हा मिळावयाचा असेल, तर आणखी पंधराशे वर्षे वाट पाहावी लागेल.

परंतु ह्याच वनाची दुसरी एक गोष्ट धीर देणारी आहे. हे वन नैसर्गिक नव्हे. ते माणसांनी लाविले आहे. १९२० साली देवस्थान स्थापन झाले, तेव्हा देशाच्या सर्व भागांतील लोकांनी सुमारे एक लाख झाडे भेट दिली. वनाची आखणी होत असतानाचे पंतप्रधान ओकुमा ह्यांची इच्छा होती की, येथे 'सुगी' ह्या उंच, सूचिपर्णी वृक्षांचे वन असावे. पण वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू आणि त्यांचे सहकारी नम्रपणे, परंतु ठामपणे म्हणाले की, शहराच्या ह्या जमिनीत सुगी नीट वाढणार नाही. त्यांनी रुंद पानांचे निरनिराळे वृक्ष निवडले आणि सुमारे दीडशे वर्षांनी जे रूप येईल, त्याचा आराखडा आखला. ते पूर्ण रूप पाहण्यास आपण नसणार, हे ठाऊक असूनही त्यांनी काम नेटाने केले.

सुगी मात्र दुसरीकडे पुष्कळ लावण्यात आला. युद्धात आणि युद्धानंतर जपानचे डोंगर बोडके झाले होते. त्यांवर सुगी व हिनोकीची लक्षावधी रोपे लाविली गेली. आज जपानच्या वनांपैकी सुमारे चाळीस टक्के वने अशी लावलेली आहेत. परंतु ही झाडे मोठी होईपर्यंत काँक्रीटचे दिवस आले होते आणि परदेशांतून स्वस्त लाकूडही येऊ लागले होते. झाडे तोडणी योग्य झाली, पण ती घेणार कोण? दाटीने वाढलेल्या वनांत विरळणी झाली नाही; झाडांखालील जमिनीवर ऊन पोहोचेना, लहान झुडपे मरू लागली आणि उघडी पडलेली माती पावसाने वाहून जाऊ लागली. लाकूड तोडण्याने वनाची हानी होते, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, मुद्दाम लाविलेले वन वापरलेच नाही, तर त्याचीही दुर्दशा होते. म्हणून २०१० साली जपानने एक कायदा करून सार्वजनिक इमारतींत लाकडाच्या वापरास उत्तेजन दिले. २०२१ साली त्याची व्याप्ती खाजगी इमारतींपर्यंत वाढविण्यात आली. शिवाय झाड वाढताना हवेतील कार्बन शोषून घेते आणि त्याची तुळई झाली, तरी तो कार्बन तिच्यातच राहतो. तापत चाललेल्या पृथ्वीच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

वनाच्या दक्षिणेस योयोगी येथील व्यायामशाळेचे वळणदार छप्पर दिसते. केन्झो तांगे ह्यांनी १९६४ सालच्या ऑलिंपिक खेळांसाठी ते पोलादी दोरांवर टांगले. युद्धातून सावरलेला जपान जगाला काँक्रीट व पोलादातील आपले कौशल्य दाखवीत होता. ती वास्तू पाहण्यास वडिलांबरोबर आलेला दहा वर्षांचा एक मुलगा भारावून गेला आणि आपणही वास्तुशिल्पज्ञ व्हावयाचे, असे त्याने ठरविले. तो मुलगा म्हणजेच केंगो कुमा. पुढे टोकियोत दुसऱ्यांदा ऑलिंपिक खेळ भरण्याचे ठरले, तेव्हा राष्ट्रीय क्रीडांगणाच्या रचनेचे काम त्याच्याकडे आले. त्याने जगाला काय दाखविले? त्याने लाकूड दाखविले.

तेथून जवळच असलेले हे क्रीडांगण म्हणजे ह्या नगरदर्शनाचा शेवटचा टप्पा. २०१९ साली ते पूर्ण झाले. त्यात सुमारे अडुसष्ट हजार माणसे बसू शकतात. तरीही शेजारच्या झाडीवर ते दांडगाई करीत नाही, कारण त्याची उंची पन्नास मीटरपेक्षा कमी ठेवली आहे. बाहेरून पाहिले असता एकावर एक अशा रुंद वळचणी दिसतात. ही कल्पना होर्यूजीच्या प्राचीन पॅगोड्यावरून सुचलेली आहे. वळचणींमुळे ऊन-पावसापासून लाकडाचे रक्षण होते, आणि सर्वांत वरच्या वळचणीतून वारा आत खेळतो. छपराच्या पोलादी कैच्यांनाही लाकडाची जोड दिलेली आहे.

वळचणींच्या खालच्या अंगास लावलेल्या लाकडी पट्ट्या प्रवाशाने मान वर करून लक्षपूर्वक पाहाव्यात. जपानमध्ये सत्तेचाळीस प्रांत आहेत आणि त्या प्रत्येक प्रांतातून हे लाकूड आणलेले आहे. शेहेचाळीस प्रांतांनी सुगी दिला. दक्षिणेकडील ओकिनावा बेटांनी आपल्याकडील पाइन वृक्षाचे लाकूड दिले. जो प्रांत ज्या दिशेस, त्याचे लाकूडही त्याच दिशेस लाविले आहे. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून आलेली शाळकरी मुले येथे आपल्या डोंगरातील झाड नेमके कोठे आहे, ते बोट दाखवून सांगू शकतात. कमानीसारखा पंधराशे वर्षांचा वृक्ष येथे लागला नाही. माणसाच्या आयुष्यात लावून वाढविता येतील, अशा साध्या झाडांच्या अरुंद पट्ट्यांनीच एवढी मोठी वास्तू सजली आहे.

सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्या पट्ट्या सोनेरी दिसू लागतात. टोकियो आजही मुख्यतः काँक्रीटचे आणि पोलादाचेच शहर आहे. लाकूड तेथे एकट्याने राज्य करीत नाही, तर पोलादाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते. त्याला जपावेही लागते, कारण ओल, कीड आणि ऊन ह्यांची त्याच्यावर सदैव नजर असते. पण ज्या शहराने दोनदा आगीत सर्वस्व गमावले, त्याने भीतीपोटी लाकडाला कायमचे दूर लोटले नाही, हे महत्त्वाचे. भय वाटले तेव्हा ते थांबले. आपत्तीची कारणे शोधली, प्रयोग केले, नियम सुधारले. आणि मगच जुन्या मित्रापुढे पुन्हा हात केला. सुताराची जुनी कला आणि शास्त्रज्ञाचे नवे ज्ञान ह्यांची गाठ अशी पडली की, तीही त्या दुकानातील काठ्यांप्रमाणे खिळ्यावाचून घट्ट बसली.